वेरिबीचे नगरसेवक आणि आईचं पातेलं

मी निघाले तेव्हा आई रडली नाही. पातेलं बॅगेत मावत नव्हतं, त्यामुळे तिला वेळच मिळाला नाही. कराडच्या आमच्या घरासमोर गाडी उभी होती, शेजारच्या दोघीतिघी कट्ट्यावर येऊन थांबल्या होत्या, ड्रायव्हर सारखा घड्याळ बघत होता आणि आई अंगणातच माझी बॅग उघडून बसली होती. पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं. काठावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं होतं, ‘चि. सौ. कां. सुमन हिस मावशीकडून’. म्हणजे तिच्या लग्नातलं. मी म्हणाले, अगं, ऑस्ट्रेलियात पातेली मिळतात. ती म्हणाली, मिळत असतील, पण त्यांवर माझं नाव आहे का? शेवटी माझे दोन स्वेटर बाहेर आले, पातेलं आत गेलं, आणि आई स्वतः बॅगेवर बसली तेव्हा कुठं चेन लागली. मी वाकून नमस्कार केला तर तिनं आशीर्वादाऐवजी कामच सांगितलं. “पोचलीस की दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांशी ओळख करून घे. पुढं ढकललंस की राहूनच जातं.”

मेलबर्नला उतरले तेव्हा ऐन थंडी होती आणि माझे स्वेटर कराडात होते.

वडील आधीच गेलेले, मी एकुलती एक. नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची, ऑफिस शहरात आणि घर वेरिबीला, ट्रेन जिथं संपते तिथं. जुन्या गावाच्या कडेनं नव्या इस्टेटी, म्हणजे एकसारख्या घरांच्या वसाहती, उठल्या होत्या. त्यांतल्या एकीत, अगदी शेवटच्या रांगेत, मी एक छोटं टाऊनहाऊस भाड्यानं घेतलं. आईचा हुकूम पाळायचा म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारची बेल वाजवली. बेलमधल्या कॅमेऱ्यातून आवाज आला, काय हवंय? तो माणूस कुठंतरी शिफ्टवर होता आणि फोनवरून माझ्याशी बोलत होता. मी त्या कॅमेऱ्याला माझं नाव सांगितलं, हसले आणि घरी आले. झाली ओळख. आमच्या गल्लीत संध्याकाळी गाड्या यायच्या, गॅरेजची दारं आपोआप वर जायची, गाड्या आत शिरायच्या, दारं खाली यायची. माणूस असा दिसायचाच नाही. एका सोमवारी ऑफिसात ‘मॉर्निंग’ म्हणताना माझा घसा खरखरला, तेव्हा लक्षात आलं की शुक्रवारपासून मी तोंडानं एक शब्द बोललेले नाही. आईशीही त्या दोन दिवसांत मेसेजवरच बोलणं झालं होतं.

ऑफिसात मी ‘वाय’ झाले होते. वैशाली त्यांना जमेना. शिवाय माझा ‘व’ सगळीकडे सारखाच. ‘वेरिबी’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा आणि ‘व्हेरी’ म्हणताना दात ओठावर टेकवायचे, हे एका सहकाऱ्यानं प्रेमानं शिकवलं. मी दोन्हीकडे कराडचाच व लावत राहिले.

थंडी सरली, गवत वाढलं आणि जुन्या वस्तीत कोपऱ्यावरच्या एका घराच्या कुंपणाला बोर्ड लागला. तुम्हा कराडकरांना सांगायला नको, आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागला की आधी रंग बघायचा. रंगीत असेल तर वाढदिवस. काळा-पांढरा असेल तर माणूस गेला. इथं एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाचा काळा-पांढरा फोटो होता, खाली नाव, डीटर अमुक तमुक, आणि त्याखाली इंग्रजीत ‘आयुष्यभर तुमच्या सेवेत’. आणखी खाली एक ओळ होती, पण ती गवतात बुडालेली. बसमधून हे सगळं मी रोज बघत होते. शनिवारी त्या घरासमोर चारपाच गाड्या लागल्या होत्या, माणसं गंभीर चेहऱ्यानं लॉनवर उभी होती आणि एक बाई रुमालानं डोळे पुसत होती. तिला वसंतातल्या परागांचा त्रास होता हे मला नंतर कळलं.

मी आईला फोन केला. जुन्या वस्तीतले कोणी आजोबा गेलेत, म्हटलं. आई म्हणाली, मग बघत काय बसलीस? त्यांच्या घरी आज चूल पेटली नसेल. पिठलं-भात कर आणि जा. फार बोलू नकोस, ठेव आणि ये.

मी पिठलं केलं. आईच्या पातेल्यात घातलं, भात डब्यात घेतला आणि निघाले. आमच्या इस्टेटीचा फुटपाथ शेवटच्या घराशी एकदम थांबायचा, म्हणजे पाव चावून ठेवावा तसा. पुढं मोकळं रान, आणि रानापलीकडे जुन्या वस्तीचा फुटपाथ. इकडच्या बिल्डरनं आपली हद्द संपली तिथं काम थांबवलेलं, तिकडच्या जुन्या लोकांना आणखी पुढं यायचं कारण नव्हतं. रस्त्यानं गेलं तर लांबचा फेरा आणि अंगावर येणारे ट्रक. मी गवतातून गेले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, बूट घोट्यापर्यंत चिखलात गेले, पण पातेलं हिंदकळू दिलं नाही.

बेल वाजवली. दार उघडलं. फोटोतला माणूस रंगीत होऊन समोर उभा होता.

मी वाटभर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य तोंडातून निघूनच गेलं, की आपल्याला जे गमवावं लागलं त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. त्यांनी माझ्याकडे, मग पातेल्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “पण अजून मतमोजणीसुद्धा झालेली नाही.”

मागच्या खोलीत हशा झाला. ते कौन्सिलच्या निवडणुकीला उभे होते. गवतातली ओळ ‘मत द्या’ अशी होती. रंगीत छपाईत आपण लबाड दिसतो असं त्यांचं मत होतं, म्हणून फोटो काळा-पांढरा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांनी विचारलं, तू कुठून आलीस? या प्रश्नाची मला सवय होती. इंडिया, म्हणाले. ते म्हणाले, ते नाही गं, आत्ता कुठून आलीस? बुटांना एवढा चिखल कसा?

मी सांगितलं. त्यांनी आतल्या सगळ्यांना बाजूला सारून मला खुर्चीवर बसवलं आणि फुटपाथ कुठं संपतो, गवत केवढं आहे, दिवा आहे का, बाबागाडी घेऊन कोणी येतं का, असं सगळं विचारून घेतलं. मी म्हणाले, मला इथं मत नाही, मी नागरिक नाही. त्यावर ते म्हणाले, “मत नाही म्हणजे पाय नाहीत का?” पिठलं त्या दिवशी डीटर यांच्या प्रचार करणाऱ्यांनी खाल्लं. डोळे पुसणाऱ्या मॉरीननं दोनदा घेतलं.

डीटर विशीत जर्मनीहून बोटीनं इथं आले होते. एल्ब नदीच्या काठचं कुठलंसं गाव. इथं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाले, इथल्याच मुलीशी लग्न केलं, त्यांच्या गल्लीतलं गटार तुंबलं, त्याबद्दल कौन्सिलमध्ये कोणी उत्तर देईना, म्हणून स्वतःच निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. एवढाच त्यांच्या राजकारणाचा इतिहास. पुढं वीसएक वर्षं ते निवडून येत राहिले, त्या वर्षीही आले. दर शनिवारी सकाळी दोन घडीच्या खुर्च्या काखेत मारून लायब्ररीसमोर जायचे. एकीवर स्वतः बसायचे, दुसरी रिकामी. जो बसेल त्याचं काम. कौन्सिलची कामं तीनच, म्हणायचे, रस्ते, गटारं आणि कचरा, आणि चौथं सांगणारा थापा मारतोय. बायको वारली होती. मुलगी, कारिन, नोकरीसाठी जर्मनीला, त्याच एल्बच्या काठच्या एका शहरात गेली ती तिकडंच राहिली. लोक म्हणायचे, ती परत गेली. त्यांना ते खटकायचं. ती जन्मली वेरिबीत, परत कशी जाईल? ती गेली, माझ्यासारखीच गेली, एवढंच ते म्हणायचे आणि विषय बदलायचे.

पुढच्या शनिवारी ते माझ्या दारात आले, त्याच गवतातून, त्याच चिखलातून. पातेलं घासून लख्ख केलेलं. मी झाकण उघडलं आणि न राहवून बोलून गेले की आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात.  त्यांनी पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं, वळले आणि चालू लागले. मला वाटलं, झालं, दुखावला माणूस. थोड्या वेळानं पुन्हा बेल वाजली. पातेल्यात वेरिबीच्या मळ्यातला फ्लॉवरचा गड्डा होता आणि बुटांना दुप्पट चिखल. तेव्हापासून पातेलं असं कधी कुणाच्या घरी टिकलंच नाही. माझ्याकडून उपमा, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी. त्यांच्याकडून लिंबं, टोमॅटो, नाताळच्या सुमारास मसाल्याच्या वासाची बिस्किटं. एकदा नुसतेच अक्रोड आले, झाडाला दुसरं काही नव्हतं म्हणून.

त्यांना नावानं हाक मारणं मला जड जायचं. वडिलांपेक्षा मोठा माणूस, आणि ‘हाय डीटर’ कसं म्हणायचं? मी डीटरकाका म्हणू लागले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. ते मात्र माझं नाव पहिल्या दिवसापासून नीट घ्यायचे, वैशाली, पूर्ण. त्यांचाही व एकच होता. पन्नासएक वर्षं या देशात काढूनही ते वेरिबीला आपल्यासारखंच वेरिबी म्हणायचे. आम्ही दोघं बोलायला लागलो की मॉरीन म्हणायची, आता मला इथं दुभाषा लागेल.

एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत कौन्सिलरला काय म्हणतात? मी म्हणाले, नगरसेवक. फोड करून सांगितली, नगर म्हणजे शहर आणि सेवक म्हणजे चाकर. ते इतके खूष झाले की तो शब्द त्यांनी दिवसभर घोळवला. आपल्याकडच्या नगरसेवकांच्या गाड्या, मागची पोरं, वाढदिवसाचे केक आणि गळ्यातल्या साखळ्या, यातलं मी काही सांगितलं नाही. उगाच एका चांगल्या शब्दाची माती कशाला करायची?

मग एका रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ते पातेलं द्यायला आलेले होते. मी फोन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “नगरसेवक.” आईनं मला विचारलं, नगरसेवक? मग मागं माणसं कुठायत? गाडी कुठाय? मी म्हणाले, हे चालत येतात.  आईनं पदर सावरला, दोन्ही हात जोडले आणि त्यांच्याकडे बघून मराठीतच म्हणाली, “साहेब, तुमच्याकडं एकच काम आहे. हिला तिकडं एकटं वाटू देऊ नका.”

मला लाज वाटली. चाळिशीकडे झुकलेली बाई मी, आणि आई माझ्यासाठी परक्या माणसाकडे नळाचं कनेक्शन मागावं तसं गाऱ्हाणं घालत होती. त्यांनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हणाले, काही नाही, म्हणतेय की आमच्याकडे हवा छान आहे. त्यांनी आईकडे बघून मान डोलावली. आईचं समाधान झालं.

फुटपाथचं काम मात्र काही केल्या होईना. जमीन कुणाची यावरच वर्षं गेली. डीटरकाका दर सभेत तो विषय काढायचे, दर सभेत तो पुढं जायचा. पुढच्या निवडणुकीत ते पडले. समोरच्या उमेदवाराचे फोटो रंगीत होते. आणि मग, ते पडल्यावर काही महिन्यांनी, फुटपाथ झाला. नव्या कौन्सिलरनं फीत कापली. डीटरकाका मागं उभे राहून टाळ्या वाजवत होते. गर्दी पांगल्यावर गुडघ्यावर बसले, खिशातून छोटी लेव्हलची पट्टी काढली, काँक्रीटवर ठेवली आणि पाण्याचा उतार बरोबर आहे, म्हणाले. मी चिडले होते. आपल्याकडे असतं तर तिथं ह्या मोठ्या अक्षरांत पाटी लागली असती, माननीय अमुक यांच्या प्रयत्नातून. मी तसं बोललेही. ते म्हणाले, नाव लावलं की लोक नाव वाचतात, मग खाली भेग पडली तर बघणार कोण? मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

त्यानंतर जगाची दारं बंद झाली. विमानं नाहीत, सीमा बंद, मेलबर्नमध्ये तर कोणी कुणाच्या घरी जायचं नाही असा नियम. आणि त्याच काळात आई गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल, आणि मग मामेभावाचा फोन. त्यानं फोन उंच धरून मला सगळं दाखवलं. तुम्हांपैकी किती जणांनी आपली माणसं अशी हातभर काचेवर निरोपाला पाहिली असतील, मी काय सांगायचं? रेंज जायची, चित्र थांबायचं, आणि मला वाटायचं, आत्ता थांबलंय तर थांबूच दे.

दुसऱ्या दिवशी कराडहून शेजारच्या पाटीलकाकूंचा फोन आला.  म्हणाल्या, “अगं, सवयीनं पिठलं-भात टाकला बघ. घेऊन दारात गेले तर कुलूप. मग आठवलं, घरात खाणारं आहेच कोण?” त्या रडत होत्या. मला रडू आलं नाही. मी फोन ठेवला आणि किचनच्या फरशीवर बसून राहिले. कराडात एक घर होतं ज्याला कुलूप होतं, आणि वेरिबीत एक घर होतं ज्यात मी होते, आणि मला दोन्ही घरं सारखीच रिकामी वाटत होती. इथं कुणाला सांगायचं? ऑफिसला मेल केली होती. त्यांनी सहानुभूती कळवली होती आणि रजा मंजूर केली होती. मी ती रजा घेऊन कुठं जाणार होते?

दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर पायरीवर आईचं पातेलं होतं. ते त्या वेळी त्यांच्याकडे होतं. आणि फुटपाथच्या कडेला, मास्क लावून, डीटरकाका घडीची खुर्ची उघडत होते. दुसरी खुर्ची त्यांनी माझ्या ड्राइव्हवेवर, लांब, आधीच मांडून ठेवली होती. मॉरीननं त्यांना सांगितलं होतं, तिला मी मेसेज केला होता. आयुष्यभर कौन्सिलचे नियम पाळलेला माणूस. म्हणाले, एका माणसाबरोबर बाहेर व्यायामाला परवानगी आहे आणि या वयात दोन खुर्च्या इथवर आणणं हा व्यायामच आहे.

पातेल्यात पिठलं होतं. इंडियन दुकानातून बेसन आणून, कुठंतरी व्हिडिओ बघून केलेलं. गुठळ्याच गुठळ्या, हळद जास्त, मीठ विसरलेलं. बाजूला डब्यात गिचका झालेला भात. मी खुर्चीवर बसून खायला लागले. आईच्या नावाच्या ठिपक्यांवर बोट टेकलेलं होतं. दोन घास गेले आणि मग मला रडू आलं, असं की शेजारच्या बेलच्या कॅमेऱ्यातून आवाज आला, सगळं ठीक आहे ना? डीटरकाकांनी त्या कॅमेऱ्याला हात करून सांगितलं, नो वरीज, मेट, तिची आई वारलीय.

मी शांत झाल्यावर ते म्हणाले, “तुझ्या आईनं मला एक काम सांगितलं होतं. तू मला त्याचा अर्थ चुकीचा सांगितलास.”

मी विचारलं, कसं कळलं? म्हणाले, “वीस वर्षं लोकांची कामं ऐकली मी. हवा छान आहे हे सांगायला नगरसेवकापुढं कोणी हात जोडत नाही.”

मग मी खरा अर्थ सांगितला. त्यांनी मान हलवली. म्हणजे रस्ते नाहीत, गटार नाही, कचरा नाही, म्हणाले, हे चौथंच निघालं. त्यानंतर नियम होते तोवर दर शनिवारी ते त्या दोन खुर्च्या घेऊन यायचे. लायब्ररी बंदच होती. आम्ही दोन टोकांना बसून कॉफी प्यायचो, आपापल्या थर्मासमधली. कधी बोलायचो, कधी समोरून जाणारी कुत्री बघायचो. आणि ते दर वेळी त्या फुटपाथवरून येत होते, ज्याच्यावर त्यांचं नाव नाही. माझ्या तेव्हा ध्यानात आलं की तो झाला नसता तर तो म्हातारा माणूस गवतातून, खुर्च्या घेऊन, माझ्यापर्यंत पोचलाच नसता.

विमानं सुरू झाल्यावर मी कराडला जाऊन आले. घर विकलं. माझे दोन स्वेटर आईच्या कपाटात नीट घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले सापडले. ते मी आणले. आता तिकडं जायचं म्हणजे हॉटेलात उतरायचं. पाटीलकाकू म्हणतात, आमच्याकडं उतर, पण त्याही लेकाकडे पुण्याला जायच्या बेतात आहेत. पूर्वी मी एकटी होते तेव्हा म्हणायची सोय होती की घर तिकडं आहे. आता ती सोयही गेली. एकटेपणा तसा तोच आहे, फक्त त्याला पत्ता उरलेला नाही.

डीटरकाका यंदाच्या वसंतात गेले. फार आजारी नव्हते. मंगळवारी मॉरीन त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेली, मी संध्याकाळी भेटून आले, ते मला फुटपाथच्या एका भेगेबद्दल सांगत होते. कारिन विमानात बसली आणि ती वाटेत असतानाच ते गेले. कौन्सिलनं आपल्या वेबसाइटवर एक छोटा परिच्छेद टाकला, किती वर्षं सभासद, कोणकोणत्या समित्या. एवढंच. त्यांच्या नावाची बाग नाही, हॉल नाही, बाक नाही. मॉरीननं त्यांच्या गॅरेजमधून निवडणुकीचा एक जुना बोर्ड काढला आणि मला विचारलं, याचं काय करायचं? मी तो घेतला आणि त्यांच्या कुंपणाला लावला, गवतात चांगला खोल रोवून, म्हणजे खालची ओळ दिसणार नाही. काळा-पांढरा फोटो, नाव, आयुष्यभर तुमच्या सेवेत. या वेळी मी बरोबर वाचला होता.

मग घरी आले आणि पिठलं करायला घेतलं. पातेलं शोधलं तर नव्हतं. आठवलं, ते त्यांच्याकडेच होतं. गेल्या आठवड्यात मी त्यातून मसालेभात पाठवला होता. मी पिठलं काचेच्या डब्यात भरलं आणि त्या फुटपाथनं निघाले. बूट कोरडे होते. वाटेत पाटीलकाकू आठवल्या, हातात पिठलं घेऊन आमच्या कुलपासमोर उभ्या असलेल्या. आपलंही तसंच होणार, असं वाटत होतं. कारिन पोचली असेल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. आणि पोचली असली तरी माझ्यासारख्या अनोळखी बाईला ती दार कशाला उघडेल?

बेल वाजवली. बराच वेळ काही नाही. मी वळणार तेवढ्यात दार उघडलं. डीटरकाकांचंच नाक, प्रवासानं सुजलेले डोळे, कोट अजून अंगात. आणि हातात आईचं पातेलं, घासलेलं, रिकामं.

ती मला म्हणाली, “तू वैशाली.” पूर्ण नाव, नीट. “मी खिडकीतून फुटपाथकडेच बघत होते. पप्पा फोनवर म्हणायचे, ती यायची तर इकडूनच येणार. हे ओट्यावर होतं. तुला परत द्यायला निघाले होते, पण ते म्हणायचे की रिकामं द्यायचं नाही. मी घरभर शोधलं. घरात काहीच नाहीये.” आणि ती तिथं, उंबऱ्यात, पातेलं पोटाशी धरून रडायला लागली. बाप गेल्याचं नव्हे तर भांड्यात घालायला काही नसल्याचं रडू वाटावं, असं. मी ते रडू ओळखते.

मी तिला आत नेलं. पिठलं आईच्या पातेल्यात ओतून गरम केलं, कारण त्या घरात आज चूल पेटली नव्हती आणि ती आपण पेटवली तरी चालते असं मी स्वतःच ठरवून टाकलं. ती जेवली. तिनं काठावरच्या ठिपक्यांवर बोट फिरवत विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, सुमनला, तिच्या मावशीकडून. सुमन कोण, तेही सांगितलं. तिनं काय काम सांगितलं होतं, तेही, या वेळी पहिल्याच झटक्यात बरोबर अर्थ सांगून.

वडिलांचं घर विकायचं ठरवून दोन आठवड्यांनी कारिन जर्मनीला परत, नव्हे, जर्मनीला गेली. निघताना पातेलं तिच्या बॅगेत मावत नव्हतं. तिनं आधी मला विचारलं होतं, हे मी नेलं तर चालेल का, पुढच्या वर्षी घेऊन येईन, भरून. मी हो म्हणाले. तिनं दोन स्वेटर बाहेर काढले, मी बॅगेवर बसले आणि तिनं चेन लावली. ते स्वेटर माझ्याकडे आहेत.

कराड सोडून कधी मुंबईपलीकडे न गेलेल्या माझ्या आईचं नाव सध्या एल्ब नदीच्या काठी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आहे. तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं? कराडचं विकलं, वेरिबीचं भाड्याचं. शनिवारी मी दोन खुर्च्या ड्राइव्हवेवर मांडते. त्या कारिननं मला दिल्या. एकीवर मी बसते. शेजारचा बेलमधला माणूस परवा पहिल्यांदा चालत आला आणि दुसरीवर बसला. त्याचं नाव हरप्रीत. निघताना त्याला उपमा दिला, डब्यात. डबा कधी परत करू, त्यानं विचारलं. मी म्हणाले, घाई नाही, पण रिकामा आणू नकोस.